तेविसावा लिफाफा

रोज सकाळी विभागाचं कुलूप उघडलं की लवंगमावशी आधी दिवा लावायची, चपला काढायची आणि मुलांच्या खुर्चीत जाऊन आडवी व्हायची. खुर्ची लहान, त्यामुळे तिचे पाय गुडघ्यापासून बाहेर लोंबकळायचे. तशीच पडून ती मोठा आ करायची आणि डोक्यावरचा गोल दिवा, त्यामागचं छत, छतावरची पोपडे आलेली जागा असं सगळं क्रमाने बघून घ्यायची. जेमतेम अर्धं मिनिट. मग उठून खुर्चीवरची सुरकुती हाताने सपाट करायची आणि कामाला लागायची.

रजिस्टर सांभाळणाऱ्या कारकुनाने एकदा हे पाहिलं.

"मावशी, दात दुखतोय का?"

"नाही हो भाऊ. इथून काय दिसतं ते बघते."

"मग, काय दिसतं?"

"तुमचं छत गळतंय ते दिसतं. आणि तो डाग अगदी तोंड वासलेल्या माणसासारखा आहे. पोरं रडतील नाही तर काय करतील?"

दुसऱ्या दिवशी त्या डागावर कागदाचा निळा मासा चिकटलेला होता. खुर्चीवर स्टूल, स्टुलावर मावशी, आणि खाली स्टूल धरून कुरकुरणारा कारकून, असं ते काम झालं होतं.

दंतमहाविद्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर मुलांच्या दातांचा हा विभाग. मावशी तिथे साहाय्यक होती. आधी नऊ वर्षं ती तळमजल्यावर अवजारं उकळायच्या खोलीत होती. वरची बाई रजेवर गेली म्हणून आठवड्यासाठी वर आली आणि वरचीच झाली. तिचं खरं काम औषध घोटायचं. जाड काचेवर पांढरी पूड, शेजारी लवंगेच्या तेलाचे थेंब, आणि पात्याने ती पूड थोडी थोडी तेलात ओढत जायचं. पातं वर उचललं की बोटाच्या पेराएवढी तार सुटली पाहिजे. शिकाऊ डॉक्टर हे पुस्तकात वाचायचे आणि तिच्या हाताकडे बघून शिकायचे. तेलाचा वास तिच्या बोटांतून, केसांतून, छत्रीच्या मुठीतूनसुद्धा जात नसे. म्हणून मुलं तिला लवंगमावशी म्हणायची, आणि मुलांचं ऐकून मोठेही.

घरी तिच्या कामाची किंमत वेगळी होती. सासूबाईंच्या तोंडात एकही दात शिल्लक नव्हता, पण जिभेला धार होती.

"पडणाऱ्या दाताचं मूळ साफ करायचं, त्यात औषध भरायचं, वर टोपी घालायची! निघालेल्या पाहुण्यासाठी गादी घालण्यातला प्रकार."

"दुधाचा दात जागा धरून ठेवतो, आई. बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा. तो लवकर काढला की शेजारचे सरकतात, आणि मागून येणारा वेडावाकडा उगवतो."

"माझी जागा कुणी धरली नाही, म्हणून बघ सगळे उठून गेले," म्हणत सासूबाई बोळकं पसरून हसायच्या.

मावशीचे यजमान शिंपी होते. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन. दिवसभर एका जागी बसणारा तो माणूस, आणि ही अशी, की चहा गाळताना एक पाय दुसऱ्या पायावर घासत उभी. "हिच्या पायाला भिंगरी आहे," ते म्हणायचे. "निजली तरी अंगठा हलतो."

पण ही गोष्ट आहे त्या वर्षाची, जेव्हा नुसता अंगठा नाही, अख्खी मावशी हलत होती.

त्या वर्षी विभागातल्या एका डॉक्टर मॅडमनी आपल्या प्रबंधासाठी संशोधन घेतलं. वय असेल सव्वीस-सत्तावीस, चालणं झपझप, बोलणं मोजकं. किडलेल्या दुधाच्या दाढांची मुळं साफ करून त्यांत भरायची दोन औषधं होती. एक मावशीच्या हातचं, लवंगेचं. दुसरं नळीतून थेट पिळायचं, पिवळसर, तयार. दुधाच्या दाताचं मूळ एक दिवस विरघळायचंच असतं, खालून पक्का दात वर येतो तसतसं. आत भरलेलं औषधही त्याच्याच चालीने विरघळलं पाहिजे. आधी नाही, मागे रेंगाळतही नाही. कोणतं औषध ही चाल नीट ओळखतं, हे साठ मुलांमध्ये वर्षभर बघायचं होतं.

कुणाला कोणतं द्यायचं हे डॉक्टर ठरवणार नव्हते. साठ जाड, बंद लिफाफे. वर आकडा, आत चिठ्ठी. दाताचं मूळ साफ होऊन कोरडं झालं की त्या मुलाच्या आकड्याचा लिफाफा मावशीने फोडायचा आणि चिठ्ठीत असेल ते द्यायचं.

"पण मॅडम, कुठल्या पोराला काय झेपेल हे बघून मीच सांगितलं असतं की," मावशी म्हणाली होती.

"तेच नकोय, मावशी. आपण निवडायला लागलो की शहाणी मुलं एका औषधाच्या वाट्याला जातील आणि किंचाळणारी दुसऱ्याच्या. मग दात टिकला तो औषधामुळे की मुलामुळे, कसं कळणार? लिफाफ्याला कुणाचीच माया नसते. म्हणून तो."

"बरं बाई," मावशी म्हणाली. तिला ते पटलं होतं. बावीस लिफाफ्यांपर्यंत पटलेलंच होतं.

तेविसावी एक पाच वर्षांची मुलगी होती. दात दुखायला लागल्यावर घरात कुणीतरी लवंगेच्या तेलाचा बोळा तिच्या दाढेत दाबून ठेवला होता आणि तो सरकून आतून गाल पोळला होता. मावशी जवळ आली की मुलीचं नाकच घाबरायचं. आईच्या कुशीत तोंड खुपसून ती म्हणाली, "ही मावशी नको. हिचा वास भाजतो."

त्या दिवशी मावशीने तीन वेळा साबणाने हात धुतले. मुलीला माशाची गोष्ट सांगितली, रडता रडता ती निळ्या माशाकडे बघायला लागली, इंजेक्शन झालं, दाढेभोवती रबरी पडदा लागला. मॅडम पाऊण तास वाकून मुळं साफ करत होत्या. मुलगी खुर्चीच्या हाताला नखं रोवून होती, पण हलली नव्हती.

"कोरडं झालं. मावशी, लिफाफा."

मावशीने तेविसावा फोडला. चिठ्ठीवर लिहिलं होतं: लवंग.

तिने मुलीकडे पाहिलं. रोज सकाळी आडवं पडून बघितलेलं सगळं तिला खुर्चीत न बसताच दिसलं. दिवा, त्यामागून येणारा हात, आणि त्या हाताला तो वास. मॅडमची तिच्याकडे पाठ होती. मावशीने चिठ्ठी एप्रनच्या खिशात सरकवली, डब्यातला पुढचा लिफाफा काढून कडेने फोडला. चोविसावा. आत लिहिलं होतं: नळी.

"नळी आलीय," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, आणि ह्याचंच तिला पुढे कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं.

काम दहा मिनिटांत आटोपलं. मुलगी जाताना माशाला टाटा करून गेली. मावशीने नळीची चिठ्ठी तेविसाव्या लिफाफ्यात घातली, लवंगेची चोविसाव्यात, आणि त्याची कड डिंकाने चिकटवली. दोन दिवसांनी चोविसावा आला. साडेपाच वर्षांचा, गालावर खळी, खुर्ची वर-खाली करायला मिळते म्हणून खूश असलेला. त्याच्यासमोर तिने तो लिफाफा पुन्हा फोडला आणि काचेवर पूड काढली. तार पेराएवढी सुटली. पोराने वासाला नाक मुरडलं आणि तो म्हणाला, "तू वाणसामानाच्या दुकानात राहतेस का?"

ती हसली. पण घोटताना तिला एक विचार चावला होता. चोविसाव्यातही लवंगच निघाली असती, तर मी पंचविसावा फोडला असता का? ह्याचं उत्तर तिला माहीत नव्हतं, आणि ते माहीत नसणं हेच आत सलत राहिलं.

खाई त्याला खवखवे म्हणतात. तिचा घसाच नाही, हातपाय खवखवायला लागले. सकाळी खुर्चीत आडवी झाली की अर्ध्या मिनिटाऐवजी दहा सेकंदांत उठायची. लिफाफ्यांचा डबा ठेवायचं कपाट दिवसातून चार वेळा उघडून बघायची आणि का उघडलं ते विसरायची. मॅडम "मावशी" म्हणाल्या की हातातलं काम टाकून उभी राहायची. पण मॅडमना हवा असायचा फक्त कापूस.

सहा महिन्यांनी तपासणी झाली. तेविसावीची दाढ उत्तम. चोविसाव्याचा एक्स-रे बघून, कुणाला काय भरलंय हे माहीत नसलेले दुसरे सर म्हणाले, "मुळांच्या बेचक्यात जरा काळसर वाटतंय. ठरवता येत नाही. लक्ष ठेवा."

त्यानंतर मावशीने रात्रीचा दुसरा चहा सोडला, कारण तशीही झोप येत नव्हती.

वर्ष भरत आलं तशी शेवटच्या तपासणीची मुलं येऊ लागली. कुणाचे पुढचे दात पडून खिंडार झालेलं, कुणी हातभर वाढलेलं. तेविसावी आली, टोपी घातलेली दाढ कौतुकाने दाखवून गेली. चोविसावा मात्र आला नाही. कारकुनाने आठवडाभर फोन लावला.

"उचलत नाहीत. नंबरच बंद दिसतोय. घर बदललं असणार," तो रजिस्टर ओढत म्हणाला. "संपर्क तुटला असं लिहून टाकतो. साठातले पाच-सहा गळतातच, मॅडमनी तेवढे धरलेलेच आहेत."

मावशी टेबलापाशी उभी होती. कारकुनाच्या पेनाचं टोक चोविसाव्या ओळीवर टेकलेलं होतं. ते दोन शब्द लिहिले की झालं. तो दात कुणी बघणार नाही, ती काळसर सावली कुणी मोजणार नाही, आणि लिफाफ्यांची गोष्ट तिच्याबरोबरच विरघळून जाईल. मॅडमचा प्रबंध तीन आठवड्यांनी जायचा होता. खरं सांगितलं तर दोन वर्षांच्या कामाला डाग, आणि तिला परत तळमजल्यावर, अवजारांच्या वाफेत. तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता. तो पडेना.

"रविवारपर्यंत थांबा, भाऊ," ती म्हणाली. "लिहू नका."

"का? तुमचा भाचा आहे का तो?"

"थांबा म्हटलं ना."

शनिवारी संध्याकाळी ती पुढच्या खोलीत जाऊन मशीनशेजारच्या स्टुलावर बसली. यजमान फळीवर कापड पसरून खडूने रेघा मारत होते. तिने त्यांना सगळं सांगितलं. वर्षभरात पहिल्यांदा. सांगताना तिचा पाय हलत होता आणि स्टूल टकटक वाजत होतं.

त्यांनी खडू खाली ठेवला. मग गळ्यातली टेप काढून त्यांनी ती बोटाला गुंडाळली.

"अगं, एक बाई यायची माझ्याकडे. कंबरेचं माप घेताना म्हणायची, जरा ओढून धरा. मी म्हणायचो, ताई, टेप ओढली म्हणून तुम्ही बारीक होत नाही, फक्त ब्लाउज उसवतो."

"मला पोरीची दया आली हो."

"आली असेल. दया वाईट नाही. पण तू टेप ओढलीस."

आतून सासूबाई ओरडल्या, "काय खलबतं चाललीत? मला दात नाहीत, कान आहेत!"

"काही नाही, आई. उद्या मी जरा बाहेर जाणार आहे."

"रविवारी? पडलेले दात वेचायला?"

रविवारी ती रजिस्टरातला पत्ता चिठ्ठीवर लिहून निघाली. इमारत सापडली, दारावर दुसरंच कुलूप. खालच्या इस्त्रीवाल्याने सांगितलं, ते लोक गेले, बहुतेक पाण्याच्या टाकीमागे. टाकीमागे तीन गल्ल्या होत्या. पहिल्या गल्लीत तिने विचारलं तेव्हा लोकांनी तिला वसुलीची बाई समजून दारं लावून घेतली. तिसऱ्या गल्लीत विचारायची वेळच आली नाही. एका जिन्यावर बसून चप्पल दुरुस्त करायचा खेळ खेळत असलेल्या पोराने मान वर केली, नाक फुलवलं आणि तो ओरडला, "आई, वाणसामानवाली मावशी आली!"

त्याची आई ओल्या हातांनी बाहेर आली. "फोन बदलला हो. कळवायचं राहूनच गेलं. एवढं चालत आलात?"

"दाढ दुखते का त्याची?"

"अधूनमधून गाल धरतो. पण दुधाचीच ना, पडेल म्हटलं."

"उद्या या," मावशी म्हणाली. "नक्की या. मी स्टॉपवर उभी राहते."

सोमवारी एक्स-रे निघाला. ह्या वेळी ठरवता न येण्यासारखं काही नव्हतं. मुळांच्या बेचक्यात काळी सावली, शेंगदाण्याएवढी. दाढ काढायची आणि जागा धरायला तारेची कडी बसवायची, असं ठरलं. मॅडम तक्त्यात लिहीत होत्या: चोवीस, लवंग, अपयशी.

"मॅडम, ते तसं नाही," मावशी म्हणाली.

तिने सांगितलं. उभ्यानेच, एप्रनच्या खिशात दोन्ही हात घालून. मॅडमचं पेन थांबलं. चेहऱ्यावर राग यायला वेळ लागला. आधी नुसता रिकामेपणा आला.

"तुम्हाला कळतंय तुम्ही काय केलंत?"

"पोराचा दात माझ्यामुळे गेला."

"नाही!" मॅडमचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तसाही गेला असता कदाचित. त्याला नळी मिळाली असती तरी. तुमच्यामुळे गेला की नाही, हेच तर आता कधीही कळणार नाही. ते कळावं म्हणून लिफाफे होते, मावशी!"

त्या उठून विभागप्रमुखांच्या, म्हणजे मोठ्या सरांच्या, खोलीत गेल्या. मावशी बाकावर बसली, उठली, काच धुतली, परत धुतली. अर्ध्या तासाने तिला आत बोलावलं.

मोठे सर चष्मा कपाळावर ठेवून बसले होते. "आणखी किती लिफाफे?"

"तेवढेच दोन, सर. आईशप्पथ."

"शपथ नको. डबा आणा."

साठही लिफाफे टेबलावर मांडले गेले. सरांनी एकेक उजेडात धरून पाहिला. डिंकाने चिकटवलेली कड एकाचीच होती. मग ते मॅडमकडे वळले. "दोन्ही मुलं लिफाफ्याने ज्या गटात टाकली होती त्याच गटात मोजायची. अदलाबदल झाली हे स्पष्ट लिहायचं. निकाल थोडा फिका पडेल. पडू दे. आणि दोन्ही पालकांना सांगायचं." नंतर मावशीकडे न बघता म्हणाले, "लिफाफे यापुढे कारकून फोडेल. औषध तुम्हीच घोटा. हात चांगला आहे तुमचा."

तेविसावीचे आईवडील ऐकून "बरं झालं की" म्हणाले, आणि ते ऐकताना मावशीला जास्तच लाज वाटली. चोविसाव्याच्या आईला सांगताना मॅडम शेजारी होत्या, पण बोलली मावशीच. बाई पोराच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

"म्हणजे रविवारी तुम्ही आलात, ते यासाठी?"

"हो."

"मला वाटलं काळजीने आलात."

पोरगं तेवढ्यात खुर्चीच्या बटणापाशी पोचलं होतं. बाईने त्याला हाक मारली आणि निघताना विचारलं, "ती कडी बसवायला कधी आणू?"

"गुरुवारी," मावशी म्हणाली. "सकाळी. तेव्हा गर्दी नसते."

मॅडम चार दिवस तिच्याशी अवजारांच्या नावांपलीकडे बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी घोटलेल्या औषधाची तार बघून "आखूड आहे" म्हणाल्या, आणि मावशीने ते पुसून पुन्हा घोटलं. ती तार खरंच आखूड होती. त्यानंतर दोघींचं जमलं, पूर्वीसारखं नाही, पण जमलं.

प्रबंध पार पडला. त्याची एक प्रत विभागात आली. कारकुनाने मागच्या पानांतली एक ओळ शोधून, तिचं मराठी करून मावशीला वाचून दाखवली: दोन मुलांच्या बाबतीत औषधांची अदलाबदल झाली, ही बाब साहाय्यिकेने स्वतःहून सांगितली.

"साहाय्यिका म्हणजे मीच ना?"

"नाहीतर काय मी?"

"परत वाचा."

त्याने परत वाचलं. तिने त्या ओळीवर बोट ठेवून पाहिलं आणि लगेच काढलं, कागदाला वास लागेल म्हणून.

पुढे सहा वर्षं मावशी त्याच विभागात होती. आणखी दोन संशोधनं झाली, आणखी लिफाफे आले. ते फुटायचे तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून काच पुसत उभी राहायची आणि कारकून ओरडून सांगेल ते घोटायची. कधी एखादं पोर फारच रडलं तर तिचा पाय टकटक वाजायला लागायचा. कारकून म्हणायचा, "मावशी, भिंगरी." ती पाय दाबून धरायची. सकाळी खुर्चीत आडवं पडणं तिने सोडलं नाही. माशाचा निळा रंग उडून पांढरट झाला, तेव्हा तिने नवा लावला.

तो शनिवार इतर शनिवारांसारखाच होता. दुपारी शेवटचं मूल गेलं, तिने काच धुऊन खिडकीत तिरकी लावली, एप्रन खुंटीला अडकवला, छत्री घेतली. सोमवारी कुलूप कारकुनाने उघडलं, कारण सकाळीच मावशीच्या यजमानांचा फोन येऊन गेला होता. रविवारी पहाटे ती झोपेतच गेली, आणि हे सांगताना ते म्हणाले होते की अंगठा हलेना तेव्हा कळलं.

कारकून बराच वेळ दारात उभा राहिला. काच खिडकीत होती, कोरडी ठणठणीत. शनिवारी जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून ती परत वर आली होती आणि दारातून डोकं घालून त्याला म्हणाली होती, "भाऊ, काच ओली आहे. वाळल्याशिवाय कुणाला हात लावू देऊ नका."